मथुराने सांगितलेला ताप

आमच्या वर्गात नम्रता होती, भक्ती होती, स्वप्ना होती आणि एकच मथुरा होती. आजीचं नाव ठेवलेलं. नवे सर हजेरी घेताना त्या नावाशी जरा थांबायचे आणि ही कोण म्हातारी, अशा नजरेने वर बघायचे. मग मागच्या बाकावरून एक काटक, सावळी मुलगी ताडकन उभी राहायची आणि सगळा वर्ग हसायचा. सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची.

कसालपासून चार किलोमीटर आत तिचं माहेर. थोडी भातशेती, मागच्या डोंगरावर काजू. समुद्राचा ताजा मासा त्यांच्या घरी बाजाराच्या दिवशीच शिजायचा, एरवी सुकटावर भागायचं. खो-खोत ती आमची कॅप्टन होती. तालुक्याच्या सामन्यात ती साडेतीन मिनिटं पळाली आणि कुणाच्या हाताला लागली नाही. पुढचा सामना आम्ही हरलो तो भाग वेगळा, पण ती साडेतीन मिनिटं मला अजून आठवतात. मी, संचिता, त्या संघात राखीव खेळाडू होते. म्हणजे बाहेर बसून टाळ्या वाजवणारी.

दहावी झाली आणि आम्ही पांगलो. मी डीएड करून शिक्षिका झाले, लग्न होऊन मालवणात आले. नम्रता पुण्याला गेली. मथुरा शिकली नाही. घरच्यांनी एकविसाव्या वर्षी तिचं देवबागला लग्न लावून दिलं. नवरा गणपत पर्यटकांची बोट चालवतो. शांत माणूस. सासूने तिला मासे साफ करण्यापासून शिकवलं. आतल्या गावातली मुलगी, तिला बांगडा आणि पेडवा यांतला फरक समजत नव्हता म्हणून सुरुवातीला वाडीतल्या बायका हसल्या. चार वर्षांनी त्याच बायका घरी पाहुणे आले की कालवणाचं वाटप कसं वाटू म्हणून विचारायला तिच्या दारात यायला लागल्या.

पुढे ती शर्मिलावहिनींच्या होमस्टेत स्वयंपाकाला लागली. पाच खोल्या, समोर माडांची बाग, बागेपलीकडे किनारा. घरात शर्मिलावहिनी आणि त्यांच्या सासूबाई काशीबाई. वहिनींचे यजमान बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. म्हणजे सगळा कारभार या तिघींवर. मथुरा सकाळी साडेसहाला जायची, पाहुण्यांना आंबोळ्या-घावणे करून घालायची, दुपारचं जेवण, मग घरी येऊन तासभर पाठ टेकायची की पुन्हा संध्याकाळचं. ऑक्टोबर ते मे असंच. काशीबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून नारळ खवायच्या आणि हिच्याशी बोलायच्या. मथुराला त्या नावाने हाक मारत नसत, ‘बाये’ म्हणत. कोठीची चावी त्यांच्या कमरेला असायची. ती सुनेपेक्षा मथुराच्या हातात जास्त वेळा गेली असेल.

अशी अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत सुट्टी हवी असं मथुराने कधी म्हटलं नाही. त्यांनी नाकारली असंही झालं नाही, कारण तिने मागितलीच नव्हती.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या दहावीला वीस वर्षं पूर्ण होत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हा मुलींचा ग्रुप होता. नम्रताने लिहिलं की आचऱ्याच्या बाजूला तिने घर बांधलंय, सगळ्यांनी शनिवारी तिथेच जमायचं. अर्ध्या तासात दहा जणींनी ‘येणारच’ म्हणून टाकलं. मथुराने वाचल्याची खूण दिसत होती, उत्तर नव्हतं.

मी तिला फोन केला.

“येतलंस मां?”

“माका सुट्टी गावची नाय गो,” ती म्हणाली. मागे कढईचा आवाज येत होता. “शनिवार म्हणजे घर भरलेला आसता. कोल्हापूरचे पाहुणे येतले आसत, सतरा जण.”

“इचारलंस?”

“इचारूचा काय? माका दिसता ना.”

“मगे सांग ताप इलो म्हणान.”

कढईचा आवाज थांबला. मग म्हणाली, “ह्या बरा न्हय.”

“एक दिवस गो मथुरा. वीस वर्सांत एक दिवस. तुझ्याशिवाय ते लोक काय उपाशी मरतले? तू कॅप्टन आमची. तुझ्याशिवाय कसला जमणा?”

तो शब्द मी मुद्दाम वापरला, कॅप्टन. ती हसली आणि मला कळलं की ती येणार.

दोन दिवसांनी नम्रताचा फोन आला. ती आता पुण्याच्या मराठीत बोलते. “संचिता, मथुराला तूच आणतेयस ना? बरं झालं. मग मी जेवणाचं बाहेर कुठे सांगत नाही. मासे तेवढे येताना मालवणच्या बाजारातून घेऊन ये, मी कोळणीला फोन करून ठेवलाय. आपल्याकडे एवढी एक्स्पर्ट असताना हॉटेलचं कशाला खायचं?”

मी काय बोलले? मी म्हणाले, “बरं.” त्या क्षणी मला कळलं होतं की मथुरा तिथे जाऊन काय करणार आहे. मी तिला फोन करून सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर ती आली नसती आणि मला ती यायला हवी होती. शिवाय मलाही तिच्या हातचं खायचं होतं. हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

शुक्रवारी संध्याकाळी मथुराने कामावरून घरी येऊन शर्मिलावहिनींना फोन लावला. ते तिने मला नंतर सांगितलं. फोन लावण्याआधी ती अंगावर चादर घेऊन बसली होती. चादर फोनमधून दिसणार नव्हती, तरीही.

“वयनी, माका ताप इलोसा. आंग दुखता. उद्या येवक जमाचा नाय.”

पलीकडे वहिनी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “गोळी घेतलंस? बरा. पडान रव. हयसरचा मी बगतंय.”

त्या थांबल्या त्यामागे काही आहे, हे मथुराला जाणवलं. पण ताप आलाय म्हणून सांगणारी बाई तुम्हाला काही अडचण आहे का, असं कशी विचारणार?

शनिवारी सकाळी नऊला मी स्कूटर घेऊन तिच्या दारात गेले. गणपत बोटीवर गेला होता, मुलगी सृष्टी शाळेत. मथुराने मोरपंखी रंगाची साडी नेसली होती, घडीही न मोडलेली. केसांत अबोलीचा वळेसार. हातात काही नव्हतं, साधी पिशवीसुद्धा नाही.

“पर्स?” मी विचारलं.

“कायच घेतलंय नाय,” ती म्हणाली आणि दोन्ही हात पसरून दाखवले. “रोज हातात कायतरी आसताच. आज मोकळी.”

शेजारच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक बाई सुकट वाळत घालत होती. तिने आमच्याकडे बघितलं. मथुराने पदर पुढे ओढला आणि मला हळूच म्हणाली, “चल बेगीन.”

वाटेभर ती बोलत होती. कोण कशी दिसत असेल, भक्तीचे केस अजून तेवढेच लांब असतील का, आपण खेळायचो तिथे आता काय आहे. मालवणात मी मासळी बाजारापाशी स्कूटर थांबवली. कोळणीने बाजूला काढून ठेवलेली मोठी सुरमई आणि दोन किलो सुंगटं, म्हणजे कोळंबी, मी ताब्यात घेतली. मथुरा खाली उतरून बघत होती.

“ह्या कोणाक?”

“नम्रतानं मागवल्यान.”

तिने पिशवी उघडली, सुरमईचा कल्ला उचलून बघितला आणि सवयीने बोटाने दाबला. “ताजी आसा,” म्हणाली. मग पिशवी स्वतःच हातात घेतली आणि मागे बसली. आचऱ्यापर्यंत ती पुन्हा बोलली नाही. वारा आहे म्हणून ऐकू येत नसेल, अशी मी माझी समजूत करून घेतली.

नम्रताचं घर खरंच सुंदर होतं. जांभ्याचं, समोर मोठी पडवी, पडवीत झोपाळा. आम्ही पोचलो तेव्हा आठ-नऊ जणी आल्या होत्या. आरडाओरडा झाला, मिठ्या झाल्या. मथुराच्या हातातली पिशवी मिठ्यांमध्ये आडवी येत होती. नम्रताने ती बघितली आणि टाळी वाजवली.

“आली आपली मास्टरशेफ! मुलींनो, आज हॉटेलबिटेल काही नाही. मथुराच्या हातचं खायला लोक मुंबईहून देवबागला येतात, माहितेय? आपल्याला आज फुकटात!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मथुरा हसली. “ह्या काय, अर्ध्या तासाचा काम,” म्हणाली. पदर कमरेला खोचला आणि स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं.

अर्ध्या तासाचं काम ते नव्हतंच. बारा बायकांचं जेवण. नम्रताच्या स्वयंपाकघरात पाटा नव्हता, मिक्सर लहान, तिरफळं नव्हती. नारळ होते पण सोललेले नव्हते. मथुराने मागच्या दारी जाऊन ते कोयत्याने सोलले. मी तिच्याबरोबर आत गेले होते. लसणीच्या सात-आठ पाकळ्या सोलल्या असतील, तेवढ्यात बाहेरून भक्तीने हाक मारली, संगीत खुर्ची सुरू होतेय म्हणून. मी मथुराकडे बघितलं.

“जा गो तू,” ती म्हणाली.

मी गेले.

पडवीत आम्ही खेळलो, जुन्या सरांच्या नकला केल्या, कोण कुणाला चिठ्ठ्या पाठवायचं ते उकरून काढलं. मधूनमधून आतून सुरमई तळल्याचा वास यायचा आणि कुणीतरी ‘अहाहा’ करायचं. भक्ती तेव्हा खो-खोच्या सामन्याची गोष्ट सांगायला लागली. मथुरा कशी साडेतीन मिनिटं पळाली, समोरच्या मुली कशा रडकुंडीला आल्या होत्या. ती छान सांगते, आम्ही सगळ्या हसून बेजार झालो. जिची गोष्ट चालली होती ती आत सोलकढी गाळत होती.

फोटोच्या वेळी मात्र सगळ्यांना तिची आठवण झाली. नम्रता स्वतः आत गेली आणि तिला ओढून घेऊन आली. घामाने अबोली चिकटलेली, मोरपंखी साडीवर हळदीचा डाग.

“माझो फोटो नको गो,” मथुरा म्हणाली.

“का गं? लाजतेस काय?”

“नको. कामावर ताप सांगान इल्लंय. कोणी बगल्यान तर?”

सगळ्या पुन्हा हसल्या. कुणी म्हणाली, अगं एवढं काय घाबरायचं. नम्रता म्हणाली, “बरं, मग तूच काढ आमचा.” तिने मथुराच्या हातात फोन दिला. मथुराने हात साडीला पुसले आणि आमचा फोटो काढला. सरका जरा, भक्ती दिसत नाही, असं म्हणत नीट काढला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्या दिवसाचे साठेक फोटो आहेत ग्रुपवर. भरलेल्या ताटांचे आहेत, झोपाळ्याचे आहेत. मथुरा एकातही नाही.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा ती वाढत होती. बस गो आता, असं चार जणी म्हणाल्या, पण उठून वाढायला कुणी घेतलं नाही. ती शेवटी जेवली, माझ्याबरोबर. मी तिच्यासाठी थांबले होते, असं मी तेव्हा सगळ्यांना दोनदा सांगितलं.

निघताना नम्रताने तिला मिठी मारली. “काय जेवण होतं गं! मी हे घर पुढच्या वर्षी पर्यटकांना द्यायचं म्हणतेय. तू असलीस तर मला कसलीच काळजी नाही. विचार कर.” मथुरा म्हणाली, “बगूया.”

परतीच्या वाटेवर चार वाजून गेले होते. मालवण मागे पडल्यावर मी म्हटलं, “मजा इली ना गो?”

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “तुका म्हायत होता.”

मी स्कूटर चालवत राहिले.

“बाजारात सुरमय बगलंय तेव्हाच माका समाजला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “एवढी सुरमय कोण मैतरणींका बगूक नेणा नाय.”

“मगे सांगलंस कित्याक नाय? मी तुका परत सोडलंय आसतंय.”

“खंय? कामावर ताप सांगललंय. घराक परत गेलंय तर शेजारीण इचारतली. परत फिरान खंय जातलंय होतंय मी?”

मी वेग वाढवला.

तिच्या घरी पोचलो. दाराच्या कडीला एक स्टीलचा डबा अडकवलेला होता, कापडात गुंडाळून. मथुरा स्कूटरवरून उतरली आणि खळ्यातच उभी राहिली. डबा तिने लांबूनच ओळखला होता. मीच जाऊन तो काढला. वरच्या पुडात उकड्या तांदळाची पेज, थंड झालेली, वर साय आलेली. खालच्या पुडात लिंबाचं लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा.

शेजारीण सुकट गोळा करत होती. ती विचारायची वाट न बघताच बोलली. “काशीबाय इल्लली. बाराच्या उन्हात, चलत. तू घरात एकटी आसतलंस, तुका कोण पेज देतला म्हणान. मी सांगलंय, ती सकाळी साडी नेसान गाडयेवर बसान गेली.” मग माझ्याकडे बघून, “म्हातारी घटकाभर पायरेर बसली. पाणी देतंय म्हटलंय तर नको म्हणाली.”

काशीबाईंचं वय तेव्हा पंचाहत्तर. होमस्टेपासून मथुराचं घर किलोमीटरभर, अर्धी वाट वाळूची. त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीत होतं.

मथुरा डबा घेऊन आत गेली. मी जातंय गो, असं मी म्हटलं तर तिने मान हलवली. नंतर मला कळलं की ती थंड पेज तिने बसून सगळी खाल्ली. तिचं पोट भरलेलं होतं, भूक नव्हती.

रविवारी सकाळी ती घासलेला डबा घेऊन कामावर गेली. तिला वाटत होतं आता बोलणी बसतील. वहिनी चुलीपाशी होत्या, डोळे सुजलेले, रात्रभर झोप नसल्यासारख्या. म्हणाल्या, “उतारलो ताप? आई सांगत होती, तू निजललंस म्हणान. डबो ठेवन परत इली.”

मथुराने काशीबाईंकडे बघितलं. त्या पाटावर बसून नारळ खवत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

म्हणजे म्हातारीने सुनेशी खोटं बोलून हिला पाठीशी घातलं होतं. मथुराला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून काशीबाईंनी तिला ‘बाये’ म्हणणं सोडलं. हाकच मारायच्या नाहीत. काही हवं असलं तर सुनेला सांगायच्या. कोठीतलं काही लागलं तर स्वतः उठून, गुडघ्यावर हात ठेवून, कुलूप उघडून द्यायच्या.

मथुराने ते आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी दुपारी, पाहुणे किनाऱ्यावर गेलेले असताना, ती काशीबाईंसमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. ताप खोटा होता, मैत्रिणींकडे गेले होते, चुकले.

काशीबाईंनी विळी आडवी केली. “माका म्हायत आसा. माका राग त्येचो नाय. तू माका सांगलं आसतंस तर मीच तुका धाडलंय आसतंय. एक दिवस काय, दोन दिवस. अकरा वर्सा तू हयसर रांधतंस, माका इचारूक भिलंस? मी तुका अशी दिसलंय?”

मथुरा रडायला लागली. काशीबाईही रडल्या असत्या, एवढ्यावर ते मिटलंही असतं. पण मागच्या दारात शर्मिलावहिनी उभ्या होत्या.

त्यांचं माहेर फोंडाघाटचं. वडिलांना डिसेंबरात अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलता येत होतं, तोंड थोडं वाकडं झालेलं. त्यांनी फोनवर लेकीला सांगितलं होतं, एकदा येवन जा, माका तुझ्याकडे कायतरी बोलूचा आसा. वहिनींनी शुक्रवारी ठरवलं होतं, शनिवारी सकाळची गाडी पकडायची, जेवणाचं मथुरा बघेल, संध्याकाळपर्यंत परत. शनिवारी सकाळी मथुरा आली की तिला सांगणार होत्या. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. घरात सतरा पाहुणे. त्या गेल्या नाहीत. पुढच्या बुधवारी जाऊ म्हणाल्या. मंगळवारी रात्री वडिलांना दुसरा झटका आला. बुधवारी वहिनी पोचल्या तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडले होते, लेक कोण ते ओळखत नव्हते. त्यांना काय बोलायचं होतं, ते कुणालाच माहीत नाही.

वहिनींनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, “तुझो ताप खोटो होतो, मथुरा. माझ्या बापाशीचा दुखणा खरा होता.”

मग सासूकडे वळून, “आणि तुमका म्हायत होता, आई. आठ दिस तुमी माका सांगलास नाय.”

काशीबाई काहीतरी बोलू गेल्या, पण वहिनी आत निघून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या आणि मथुराला म्हणाल्या की संध्याकाळचं झालं की तिने जावं, उद्यापासून येऊ नये. मथुराने संध्याकाळचं सगळं केलं. पाहुण्यांना वाढलं, भांडी पालथी घातली. काशीबाई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आल्या नाहीत.

हे सगळं मला मथुराने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, मी येऊन वहिनींशी बोलते, मीच तुला सांगितलं होतं ताप सांग म्हणून. ती म्हणाली, “नको. तोंड माझा होता.”

मी तरीही जायला हवं होतं. शाळेत तेव्हा तपासणी होती. मग परीक्षा आल्या. मी गेले नाही.

देवबाग लहान आहे. ताप सांगून फिरायला गेली आणि शर्मिलाची बापाशी भेट चुकली, ही गोष्ट महिन्याभरात सगळ्या होमस्टेंत पोचली. फेब्रुवारी ते मे, भर हंगामात, मथुराला कुणी कामावर घेतलं नाही. गणपत तिला काही बोलला नाही. सृष्टीने एकदा विचारलं, “आई, तू खराच ताप सांगान गेल्लंस?” त्याचं तिला सगळ्यांत जास्त लागलं, कारण त्याच आठवड्यात ती सृष्टीला खोटंच पोट दुखतंय सांगून शाळा बुडवल्याबद्दल ओरडली होती.

ग्रुपवर यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. तिथे त्या शनिवारचे फोटो अजून फिरत होते आणि खाली, पुढच्या वर्षी पुन्हा, असं लिहिलं जात होतं.

ऑक्टोबरात नम्रताने आचऱ्याचं घर पर्यटकांसाठी उघडलं. तिने मथुराला फोन केला आणि मथुराने हो म्हटलं. देवबागहून आचरा लांब, रोज जाऊन-येऊन जमणार नाही, म्हणून मागच्या बाजूची एक खोली तिला दिली. ती तिथेच राहते, पंधरा दिवसांतून एकदा घरी जाते. सृष्टीच्या दहावीच्या वर्षी घरी स्वयंपाक गणपतने केला.

काशीबाई मागच्या पावसात गेल्या. मथुरा बाराव्याला गेली होती. खळ्यात उभी राहिली आणि तिथूनच परत आली, असं शेजारणीने मला सांगितलं.

यंदा जानेवारीत आमच्या शाळेतल्या शिक्षकांची सहल आचऱ्याला गेली. जेवण नम्रताकडे ठरलं होतं, ते मीच ठरवलं होतं. खरं तर मला मथुराला बघायचं होतं. नम्रता पडवीत उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करत होती. पाच-सहा टेबलं भरलेली. ती एका कुटुंबाला सांगत होती, “आमच्याकडचं जेवण म्हणजे अगदी घरचं. जी करते ना, ती माझी शाळेतली मैत्रीण आहे.” पाहुण्यांना ते फार आवडलेलं दिसलं.

मथुरा ताटं घेऊन बाहेर आली. निळा एप्रन, त्यावर घराचं नाव शिवलेलं. ती बारीक झाली होती. मला बघून थांबली, हसली. नम्रताने हाक मारली तशी मान वळवून म्हणाली, “आले, मॅडम.”

मी उठून तिच्या जवळ जाणार होते. पण माझ्या दोन्ही बाजूंना शाळेचे लोक बसले होते, मुख्याध्यापक समोर. आत जाऊन तिच्याशी बोलावं, असं ठरवत मी जेवत राहिले. सुरमईच्या कालवणाला चव तीच होती. मुख्याध्यापक म्हणाले, “वा, संचिताबाई, तुमची निवड छान.” मी ‘हो’ म्हटलं.

ती भाताची परात घेऊन ओळीतून येत होती. प्रत्येकाला विचारत होती, शुद्ध मराठीत, पाहुण्यांशी बोलायची ती मराठी. माझ्यापाशी आली. मला वाटलं आता ती ‘गो’ म्हणेल.

“ताई, अजून भात वाढू?”

माझं पोट भरलं होतं. मी ताट पुढे केलं.